हशासाठी थांबलेला राजा

माझ्या बाबांना कॅमेऱ्यासमोर पुढचं वाक्यच बोलता येईना. अंबरनाथला कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी आयुष्यभर एकाच विनोदी संगीत नाटकात राजाचं काम केलं. राजाची मिशी चोरीला जाते आणि तो ती दरबारातल्या प्रत्येकाच्या ओठांवर शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. गाणी मात्र अकरा. सोमवारी बाबांच्या घशाचं ऑपरेशन होतं, स्वरयंत्रच काढणार होते. आवाज जायच्या आत नाटकाचा सिनेमा करायचा, असं मी ठरवलं. डोकं फिरलं होतं माझं, दुसरं काय!

मांजर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत दरबार मावेना. मग बाबांच्या सिंधी मित्राने कॅम्प तीन या वस्तीतला आपला जीन्सचा कारखाना रविवारी उघडून दिला. सिंहासन म्हणून पँटींचा गठ्ठा. मोबाइल स्टँडवर लावला, बाबांच्या अंगरख्याला माइक अडकवला. प्रधानाची वाक्यं मोबाइलमागून मीच म्हणणार होते. बाबा गरजले, "प्रधानजी, आमची मिशी कुठाय?" आणि थांबले. थांबलेच.

"बाबा, पुढे बोला ना!"

"अगं, इथे हशा येतो. तो ओसरल्याशिवाय कसं बोलू?"

"इथे कोण हसणार? हसतायत असं समजा!"

"समजलो गं. पण ते हसायचे कधी थांबले, ते मला कसं कळणार?"

दुपारपर्यंत नऊ वाक्यं झाली. माझं टाळकं सटकलं. शेवटी मित्रकाका म्हणाले, "पब्लिक चाहिए ना? मैं लाता हूँ," आणि शेजारच्या गल्लीत राहणारे आपले बारा कारागीर घेऊन आले. मी त्यांना बजावलं, "हसने का, पण आवाज नहीं करने का."

बिचारे! तोंडात जीन्सच्या चिंध्या कोंबून बारा बाप्ये गदागदा हलत होते. बाबांना तेवढं पुरलं. खांदे हलायचे थांबले की पुढचं वाक्य. राजा सुसाट सुटला आणि संध्याकाळपर्यंत दहा गाणी झाली.

अकराव्या गाण्यात राजाला मिशी आपल्याच नाकाखाली सापडते. बाबांनी शेवटची तान घेतली, घशाची पर्वा न करता वर वर नेली, आणि एकाच्या तोंडातली चिंधी उडाली. मग सगळ्यांच्याच. शिट्ट्या काय, टाळ्या काय, पायांनी जमीन काय बडवली! तान पार बुडाली. मी इतकी भडकले की रडूच आलं. पुन्हा गायला बाबांच्या घशात काही उरलं नव्हतं.

ऑपरेशन होऊन बाबा घरी आल्यावर मी त्यांना सिनेमा दाखवला. शेवटी नुसता गोंगाट, त्यात बाबांचं उघडं तोंड. मला राहवेना. "बाबा, माझं चुकलं. तुमची शेवटची तान मी घालवली."

त्यांनी खुणेने पाटी मागितली. खूप वेळ पेन्सिल फिरवून माझ्यासमोर धरली: "टाळ्या कमी पडल्या. परत घेऊ."

"घेऊ," मी म्हटलं.