दादानं सुधारलेली गिटार

काल मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला आणि अकोल्यातली ती तालीम आठवली. माझा विजयदादा तिथल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. व्हायोलिनसारखी फुगीर पोटाची ती जुनी जॅझ गिटार ऑर्केस्ट्राच्या मालकांची होती. दादानं ती अमरावतीला घरी आणून महिनाभर खपून सुधारली. तारांचा आवाज पकडणारा नवा पिकअप सोल्डर करून जोडला, तारांखाली शिसवी घोडी घासून बसवली.

तालमीच्या त्या दिवशी मीही सोबत गेले होते. दादानं गिटार छेडली आणि तिचा दाट, ऊबदार आवाज हॉलभर पसरला. मालक डोळे मिटून ऐकत होते.

"गिटार तं लय सुधरली, विजय. आता वाजवणाराबी तसाच पायजे," ते म्हणाले आणि त्यांनी गिटार आपल्या भाच्याच्या हातात दिली. भाच्यानं तारा दाबून पाहिल्या. "लय उंच हायेत, मामा."

"विजय, त्याले जराशा खाली करून दे."

सगळे हसले. दादा गिटार घेऊन खाली बसला. तारा वर-खाली करणारी घोडीची छोटी चाकं हळूहळू फिरवत, एकेक तार छेडत राहिला.

"झालं नाई का अजून?" मालक ओरडले.

तेव्हा मला दादाच्या लाचारीचा राग आला होता. आता कळतं, तारा केव्हाच खाली आल्या होत्या. त्याला ती फक्त आणखी थोडा वेळ मांडीवर हवी होती.