ताईंचा नंबर लागला

माझ्या थोरल्या साडूंइतका आनंदाने नकार पचवणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. मोताळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात सुईला बुजलेल्या वासरांमागे धावता धावता त्यांची नोकरी संपली. धावणं मात्र संपलं नाही. रोज पहाटे ते राजूर घाट धावत चढतात. एसटीचे ड्रायव्हर खिडकीतून विचारतात, "काका, गाडी चुकली काय?" एकदा ते आमच्याकडे धावतच पोचले आणि मनगटावरच्या घड्याळात दहा किलोमीटरला थोडं कमी पडलं, तर हातात चहाचा कप घेऊन त्यांनी आमच्या अंगणाला चौदा फेऱ्या घातल्या. चहा सांडला, पण आकडा भरला.

त्यांना एकच ध्यास होता, मोठ्या शहरातली ती मॅरेथॉन. तिथे हौशी लोक इतके, की नावांची सोडत निघते. चार वर्षं यांचं नाव निघालं नाही. दरवर्षी येणारा नकार ते मला कौतुकाने वाचून दाखवत. "पाहा भाऊ, 'पुन्हा अवश्य प्रयत्न करा' म्हनते. म्हंजे त्यायले मी पाहिजेच आहो!"

पाचव्या वर्षी त्यांनी नशिबाला जास्त वाव म्हणून बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, नावानेही अर्ज भरला. निकाल आला तेव्हा ताई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. साडूंचा नंबर पुन्हा हुकला होता. ताईंचा लागला होता.

"मले काऊन?" ताई घाबरून म्हणाल्या. "म्या कोनाचं काय केलं?"

साडूंनी आयोजकांना फोन लावला. जागा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असं उत्तर मिळालं. दोन दिवस ते घाटाकडे फिरकले नाहीत. हा नकार काही त्यांनी मला वाचून दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी मी समजूत घालायला गेलो, तर ते ओसरीवर बसून ताईंच्या पायात नवे बूट घालत होते.

"चावते का?"

"चावते."

"चावू द्या. आठ दिवसांत ऐकते."

मग चार महिने दोघं घाटात. ताईंना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक बाईशी बोलायचं असे. साडू ओरडत, "थांबू नका हो!" ताई म्हणत, "बोलनं सोडून धावनं मले जमत नाई."

शर्यतीला मीही गेलो. शेवटच्या रेषेजवळ आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. हजारो माणसं गेली. साडू प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होते. बऱ्याच उशिराने ताई आल्या, दोन अनोळखी बायकांशी गप्पा मारत, धापा टाकत, पण धावत. साडूंच्या टाळ्या एकदम थांबल्या. त्यांनी कठडा घट्ट धरला होता. ताईंनी पदक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेऊन नीट पाहिलं आणि परत ताईंच्याच गळ्यात घातलं.

परतीच्या बसमध्ये, बऱ्याच वेळाने, त्यांनी हळूच विचारलं, "सुरुवातीपासून सांगा बरं. कसं कसं होतं?"

ताई सांगू लागल्या. कुठे चढ होता, कुठे पोरींनी पाणी दिलं, कुठे बँड वाजत होता. साडू डोळे मिटून ऐकत होते. सीटखाली त्यांचे पाय हळूहळू हलत होते.