नापास रेणूंचे पेढे

मॅडमना शेवटचं भेटायला मी त्यांच्या गावी पलूसला गेलो तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. ना फळं, ना शहाळं, ना साधा बिस्किटाचा पुडा. त्यांचे थोरले भाऊ इब्राहिमचाचा दारातच बसले होते. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि पाय ओढत आत गेले. आजारी माणसाला भेटायला असं कोण येतं, हे त्यांच्या नुसत्या पाठीवरूनही कळत होतं. आत मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनीही आधी माझे हातच पाहिले. "उलटं करून दाव," म्हणाल्या. मी दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले आणि बाई अशा खळखळून हसल्या, की चाचा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. त्यानंतर आठव्या दिवशी त्या गेल्या... त्या मोकळ्या हातांचं एवढं कौतुक का, हे सांगायचं तर पेढ्यांपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या मॅडम डॉ. शमशाद अत्तार सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायच्या आणि नव्या औषधांचे रेणू शोधायच्या. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग हाताखालचा सहकारी. आमचं काम सांगायला सोपं आहे. शरीरातलं कुठलं प्रथिन अडवलं तर आजार थांबेल, ते हेरायचं. त्याला आम्ही लक्ष्य म्हणतो. मग त्यात नेमका बसेल असा रेणू संगणकावर रचायचा, प्रयोगशाळेत बनवायचा आणि तपासायचा. तपासणीत बहुतेक सगळे रेणू नापास होतात. इतर प्रयोगशाळांत अशा दिवशी सुतकी चेहरे असतात. मॅडमच्या प्रयोगशाळेचा मात्र कायदा होता, ज्याचा रेणू नापास त्याने सगळ्यांना साताऱ्याचे कंदी पेढे वाटायचे. मी साताऱ्याचा, दर रविवारी घरी जाणारा, त्यामुळे सगळ्यांचे पेढे आणण्याची हमाली माझ्याकडे. आमच्या मिठाईवाल्याची तर ठाम समजूत होती, की या मॅडमच्या घरात ढीगभर पोरं आहेत आणि सगळी सारखी पास होतात. मी एकदा विचारलं, "आणि रेणू खरंच पास झाला तर?"

"तवा मोकळ्या हातानं यायचं. तोंड आधीच ग्वाड झालेलं आसतंय, पेढं कशाला?"

रिकामी झालेली खोकीही त्या टाकू देत नसत. नापास रेणूंच्या कुप्या त्याच खोक्यांत ओळीने लावून फ्रिजमध्ये ठेवायच्या. नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात गुपचूप एखादं खोकं उघडायचा आणि आत पांढऱ्या भुकटीच्या कुप्या पाहून खट्टू व्हायचा. मीही उघडलं होतं.

मग माझी पाळी आली. सांध्यांची सूज ज्या प्रथिनामुळे वाढते असं आम्ही धरून चाललो होतो, त्याला अडवणारा रेणू मी चार वर्षं खपून केला होता. रेणू प्रथिनात झकास बसला, प्रथिन बंदही पडलं, पण प्राण्यांवरच्या तपासणीत सूज काही उतरेना. बटण बरोबर दाबलं, पण त्याचा दिवा भलत्याच खोलीत होता. लक्ष्यच चुकलं होतं. मी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावत होतो, आणि मनातल्या मनात औषध कंपनीच्या विक्रीच्या नोकरीचा अर्जही लिहून झाला होता. पाचव्या दिवशी मॅडम टेबलापाशी आल्या.

"परताप, पेढं कुठायत?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. सरळ सातारच्या एसटीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मलाच सगळ्या इमारतीत वाटायला लावलं. ज्याच्यापुढे खोकं धरावं तो विचारायचा, "काय विशेष?" आणि मला म्हणावं लागायचं, "माझा रेणू नापास झाला." पहिल्या तीन टेबलांवर मी ते खोक्याकडे बघतच पुटपुटलो. ग्रंथपाल म्हणाले, "अभिनंदन!" तिथे मला हसू फुटलं, आणि फाटकावरच्या वॉचमनपर्यंत पोचलो तेव्हा तो आणि मी दोघेही हसत होतो. उरलेले पेढे आम्ही मिळून संपवले. संध्याकाळी मॅडमनी माझी कुपी खोक्यात ठेवली. म्हणाल्या, "नापास तू झालायस, ह्यो न्हाई. तू ह्याला चुकीचा पेपर दिलास."

पंधरा वर्षांनी त्यांना त्या कुपीची आठवण झाली. इब्राहिमचाचांना तरुणपणी उसाच्या फडात घोणस चावली होती. जीप मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास गेले. विषावरची लस मिळाली, जीव वाचला, पायाची दोन बोटं गेली. शाळकरी मॅडम त्या जीपमध्ये भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "त्या दोन तासांत द्याय कायतरी पायजे," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल! लस सुईनेच, तीही दवाखान्यातच. त्यांना हवी होती ती फडातून दवाखान्यापर्यंत विष थोपवून धरणारी गोळी. आणि त्यांच्या स्वतःच्या आजाराचं निदान झालं त्याच महिन्यात त्यांनी वाचलं, की घोणशीच्या विषातलं एक प्रथिन आमच्या त्या सुजेच्या प्रथिनाचंच भावंड आहे. सुट्टीवर असूनही रिक्षाने कॉलेजात आल्या, फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसल्या. "काढ रं तुजं पोरगं भाईर. आता खरा पेपर देऊ."

रेणू ताजा बनवून विषावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत पाठवला. निकाल आला, विषातलं ते प्रथिन बंद पडलं होतं. तो कागद खिशात घालून मी पलूसला गेलो होतो... मोकळ्या हातांनी. हसू ओसरल्यावर त्यांनी लगेच बजावलं, "ही नुसती परीक्षानळी हाय. उंदरं हायती, मग माणसं. लय लांबचा पल्ला हाय. पुन्यांदा तपासाय लाव." मी मान डोलावली. त्यांचा हात हातात घेऊन बसलो. माझी त्यांच्यावर किती माया आहे ते त्या दिवशीही सांगितलं नाही, आज लिहून टाकतो.

दुसऱ्या तपासणीचा निकाल नेमका त्यांच्या चाळिसाव्याच्या दिवशी सकाळी आला. फ्रिजमधल्या खोक्यात माझ्या कुपीची जागा तशीच रिकामी आहे, ती मी भरू दिलेली नाही. पलूसला पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. फातिहा पढून झाली होती. कुणी फुलं आणली होती, कुणी मिठाई. इब्राहिमचाचा उंबऱ्याजवळ उभे होते. मॅडमनी जाण्याआधी त्यांना सगळं समजावलं असावं. मला पाहताच ते दुखऱ्या पायाने दोन पायऱ्या उतरून आले आणि माझे दोन्ही हात धरून त्यांनी उलटे केले, मग सुलटे केले.

"मोकळाच आलास न्हवं?" त्यांनी विचारलं. "ये पोरा, ये. आत ये, जेव."