किओजिनाने वाढवायला पाठवलेली मुलगी

११ जून २०१९ रोजी किओजिनाने बँकेतून तीनशे शहाऐंशी डॉलर चाळीस सेंट काढले आणि खात्यात काही ठेवले नाही. त्यातून तिने तांदळाच्या गोण्या, कोंबडीच्या तंगड्यांची दोन खोकी, एक नवी गादी आणि भिंतीला लावायला फिकट निळा रंग आणला. तिची मुलगी येणार होती. मुलगी एकवीस वर्षांची झाली होती आणि किओजिनाने तिचे तोंड अजून एकदाही पाहिलेले नव्हते.

भावजय हेमिटी दारात उभी राहून रंगकाम पाहत होती.

"अगं जिना, रंग कसला लावतेस? अमेरिकेतली माणसं भिंती बघत नाहीत, संडास बघतात. तो आधी घास."

"घासलाय, वहिनी."

"मग साबण नवा ठेव. दुसऱ्याने वापरलेला साबण दिसला की त्यांना मळमळतं. सात वर्षं तिकडे अमेरिकेत आर्कान्सात कोंबड्या सोलल्यात मी, मला शिकवू नकोस."

किओजिना हसली. महिनाभर ती अशीच उगाच हसत होती.

भर महासागरातल्या माजुरो बेटाच्या पश्चिम टोकाला, लौरा गावात, तिच्या आईच्या घराण्याची जमिनीची एक पट्टी आहे. बेटाच्या आतल्या बाजूच्या संथ पाण्यापासून निघून ती पलीकडच्या उसळत्या समुद्रापर्यंत जाते. रुंदी थोडी, पण तीत नीरफणस आहे, नारळ आहेत, केवड्याची बने आहेत आणि मधोमध घराण्याची थडगी आहेत. ही जमीन आईकडून मुलीकडे जाते. मुलगे तीवर जन्मभर राबतात आणि खातात, पण त्यांच्या मुलांचा हक्क त्यांच्या आयांच्या जमिनीवर.

किओजिना तीन वर्षांची असताना आईने तिला आर्नो बेटावरच्या निपुत्रिक मावशीकडे वाढवायला दिले होते. बाराव्या वर्षी ती परत आली. तेव्हापासून तिला दोन आया होत्या, दोन घरे होती, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. मूल दिले म्हणजे नाते वाढले, एवढाच त्याचा अर्थ तिला ठाऊक होता.

म्हणून विसाव्या वर्षी, पोटातल्या मुलाचा बाप दुसऱ्या बेटावर निघून गेला तेव्हा, लग्न जुळवणाऱ्यांसारखी गोड बोलणारी एक बाई घरी आली आणि म्हणाली, "अमेरिकेतलं चांगलं कुटुंब आहे, शिकवतील, अठरा वर्षांची झाली की येईलच," तेव्हा किओजिनाने एकच प्रश्न विचारला होता. "त्यांना आणखी मुलं आहेत का?" आपल्या मुलीला भावंडे किती मिळतील, हे तिला जाणून घ्यायचे होते. त्या बाईने तिला विमानाने अमेरिकेत होनोलुलूला नेले. बाळंतपण तिथे झाले. शुद्धीवर येऊन तिने मूल मागितले तेव्हा खोलीत फक्त तिची पिशवी होती.

पुढे तिचे लग्न झाले, दोन मुलगे झाले, नवरा समुद्रात गेला तो आला नाही. मासळीच्या कारखान्यात आणि केवड्याच्या पानांच्या चटया विणण्यात तिची वर्षे गेली. तिला बहीण नव्हती. जमिनीची पुढची धनीण कोण, असा विषय निघाला की ती म्हणे, "माझी मुलगी आहे. शिकतेय."

घराण्यातला सर्वांत म्हातारा लाजिबा टोमणा मारी, "अजून शिकतेच आहे? एव्हाना समुद्राच्या तळाखाली काय आहे तेसुद्धा शिकून झालं असेल तिचं."

मग एके दिवशी फेसबुकवर हेमिटीला निरोप आला. मुलीचे नाव ब्रुक होते.

विमानतळावर ब्रुक बाहेर आली तेव्हा किओजिनाच्या हातातली फुलांची माळ तशीच राहिली. समोर तिची स्वतःची आई चालत येत होती, तेच रुंद खांदे, तीच किंचित बाहेर वळलेली पावले. फक्त कपडे अमेरिकन. दोघींना एकमेकींना कसे धरावे ते कळेना. मागे ब्रुकला वाढवणारी जॅनिस उभी होती आणि तिघींत तीच जास्त रडत होती. किओजिनाने पहिली माळ जॅनिसच्या गळ्यात घातली.

"तिला सांग वहिनी, आजपासून ती माझी बहीण."

"सांगते. पण आधी तिचं नाक पुसू दे, बिचारीची पार बालदी झालीय."

चौथ्या दिवशी किओजिना मुलीला जमीन दाखवायला घेऊन गेली. एकीचे दुसरीला सांगायला हेमिटी बरोबर होतीच. पाण्याच्या काठावर उभी राहून किओजिनाने हात समोर केला.

"हे इथून पार तिकडच्या समुद्रापर्यंत तुझं."

ब्रुक हसली. "माझं म्हणजे?"

"तुझं म्हणजे तुझं. माझ्यानंतर इथे तूच."

ब्रुकचे हसू मावळले. थडग्यांपर्यंत ती पुढे चालत गेली. तिथे ती थांबली आणि एकदम म्हणाली, "मग मला का देऊन टाकलंत?"

हेमिटीने ते हळू आवाजात सांगितले.

"देऊन टाकलं?" किओजिना म्हणाली. "नाही गं. वाढवायला पाठवलं होतं. मलाही पाठवलं होतं माझ्या आईने, आर्नोला. मी आले की परत. तुझं अठरावं पुरं झालं तेव्हापासून मी विमानाच्या दिवशी रस्त्यावर येऊन बसत होते."

ब्रुक खाली बसली. "मी नकोशी होते असं मला घेऊन आलेल्या बाईने जॅनिसआईला सांगितलं होतं. लहानपणी मी आरशासमोर उभी राहून बघायची, माझ्यात नको वाटण्यासारखं काय आहे ते."

हे सांगताना हेमिटीला दोनदा थांबावे लागले. किओजिना मुलीशेजारी वाळूत बसली.  किओजिनाला वाटले, गाठ सुटली, आता ही राहील. निघताना तिने सांगितले, "रविवारी सगळे जमतील. लाजिबाआजोबा विचारतील, तू कुठली? तू म्हणायचं, इथली. मग झालं."

रविवारी प्रार्थनेनंतर नीरफणसाखाली चटया अंथरल्या. भाजलेला नीरफणस, खोबऱ्यात घोळवलेले भाताचे गोळे, मासे, कोंबडी, सारे मांडून झाले. तरुण पोरे चुलीपाशी होती. चटयांवर म्हातारी माणसे बसली होती आणि त्यांच्यात इंग्रजी एका हेमिटीलाच येत होते. लाजिबाने काठी टेकत विचारले, "मुली, तू कुठली?"

ब्रुक उभी राहिली. ती थोडेच बोलली, पण शेवटी तिचा आवाज फुटला. जॅनिसने मान खाली घातली.

हेमिटी गप्प. एरवी तिचे तोंड कधी मिटत नसे. ती किओजिनाकडे वाकली आणि पुटपुटली, "जिना, काय सांगू यांना? तू म्हणशील ते सांगते. कुणाला कळणार नाही."

त्यावरूनच किओजिनाला ब्रुकचे उत्तर कळले. एक शब्द वहिनीने बदलला असता तर जमीन तिच्या मुलीची झाली असती, निदान म्हाताऱ्यांच्या लेखी. तिने वर पाहिले. ब्रुक डोळे न पुसता ताठ उभी होती. या मायलेकींच्या मध्ये एकदा ती गोड बोलणारी बाई उभी राहिली होती आणि दोघींना वेगवेगळे सांगून निघून गेली होती.

"ती बोलली तेच सांग."

हेमिटीने पदर नसलेल्या झग्याच्या बाहीने तोंड पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "ती म्हणते, माझी आई माझी वाट बघत होती हे मला कळलं, ते मी जन्मभर जपेन. पण मी इथली नाही. हो म्हटलं तर खोटं होईल. मी इथे राहायला येणार नाही."

 लाजिबाने त्या मुलीकडे पाहिले.

"खरं बोलली," तो म्हणाला. "जेवा आता."

किओजिनाने स्वतः पाने वाढली. ब्रुकच्या पानात तिने माशाचा डोक्याकडचा भाग ठेवला, आणि ब्रुकला तो कसा खायचा ते माहीत नव्हते म्हणून काटे काढून दिले. जॅनिस जवळ येऊन काहीतरी म्हणाली. "माफी मागतेय," हेमिटी म्हणाली. "कशाबद्दल ते तिलाही नीट सांगता येत नाहीये."

"तिला म्हणावं, भात घे अजून."

निघण्याच्या दिवशी विमानतळावर या वेळी ब्रुकनेच आधी हात पसरले. लहान बाळाचा घेतात तसा किओजिनाने तिच्या मानेचा वास घेतला. त्यात साबणाचा आणि प्रवासाच्या घामाचा वास होता. तिने पुन्हा घेतला. मग आतून नाव पुकारले आणि मुलगी आत गेली.

आधी दर आठवड्याला निरोप येत. मग महिन्याने. ब्रुक परिचारिकेचे शिक्षण घेत होती, तिला वेळ नसे. हेमिटी वाचून दाखवी, आणि मजकूर थोडका असला की स्वतःची भर न घालता तेवढाच वाचे.

ऑक्टोबरच्या शेवटी किओजिनाने स्वतःहून घराण्याला बोलावले. मावसबहिणीची मुलगी अतिना हिला तिने आपल्या चटईवर शेजारी बसवले आणि म्हणाली, "माझ्यानंतर ही."

लाजिबाने या वेळी टोमणा मारला नाही. "मनापासून ना, जिना?" एवढेच विचारले.

"हो," ती म्हणाली, आणि अतिनाला घेऊन हद्दीचे नारळ दाखवायला गेली. थडग्यांपाशी ती थोडी थांबली. मग पुढे समुद्रापर्यंत दोघी चालत गेल्या.

घराण्याच्या त्या दिवशीच्या जेवणासाठी डुक्कर शेजारच्या नेमूकडून आणले होते. बरेचसे पैसे तिने तेव्हाच दिले. पस्तीस डॉलर अजून द्यायचे आहेत.