मालनची प्रेस

उद्या आमच्या चाळीचं मंडळ मालनचा सत्कार करणार आहे. संयुक्त महाराष्ट्र मिळाला, मुंबई आपली राहिली, तर मोर्चाला गेलेल्या बायकांचा मान करायचा म्हणे. गेल्या होत्या चाळीतल्या निम्म्या बायका, सत्कार मात्र एकटीचा. मीही गेले होते. पण माझा घसा बसलेला, त्यात मी पडले मागच्या रांगेत, आणि मालन आपली पुढे. वर मंडळाची मुलं माझ्याच दारात येऊन सांगतात, कमलाबाई, तुम्ही तिच्या मोठ्या जाऊ, दोन शब्द चांगले बोला. चांगले! तिथे बोलेन काय बोलायचं ते. खरं काय ते इथे सांगून ठेवते.

मालन कणकवलीकडची. उंच, सावळी, आणि आवाज असा की खाली नळावर बोलली तर तिसऱ्या माळ्यावर ऐकू यावं. माझ्या धाकट्या दिराशी, दौलतभावजींशी, लग्न होऊन आली तेव्हा मी त्या घरात मुरलेली सून होते. आली त्याच आठवड्यात तिने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं आणि आमच्या मामंजींनी, गंगाधरपंतांनी, भात पुन्हा मागून घेतला. माझ्या हातचं इतकी वर्षं जेवले, कधी मान वर करून बघितलं नाही. तेव्हापासून जे पोटात दुखायला लागलं ते आजतागायत.

लालबागला आमचा गाळा. मिलमधून निघालेला वेस्ट घ्यायचा, म्हणजे सुताचा गुंता, कापसाचा कचरा, चिंध्या. तो निवडायचा आणि गाठी बांधून कागदाच्या कारखान्याला द्यायचा. मामंजींनी उभा केलेला धंदा. लोक चिंधीवाले म्हणून नाक मुरडायचे, पण घरातल्या सगळ्यांच्या ताटात भात पडायचा तो त्याच चिंध्यांवर. गाठ दाबायला एक जुनी प्रेस होती: खाली लाकडी पेटी, वर उभा लोखंडी स्क्रू. पेटीत माल भरायचा आणि स्क्रू फिरवून दाबायचा, एवढंच तिचं काम.

मामंजी गेले आणि भाऊ वेगळे झाले. भांडण कशावरून झालं ते दोघा भावांना आज विचाराल तर सांगता यायचं नाही. मला येतं. शेवटच्या दुखण्यात मामंजींनी उशाखालची गाळ्याची किल्ली काढली आणि मालनच्या हातात ठेवली. मी पाणी भरायला गेले होते हो, जिना चढून वर येईपर्यंत दम नाही निघाला त्यांना. थोरली सून मी, आणि किल्ली तिच्या कनवटीला! पुढे तिने ती मला आणून दिली, ती गोष्ट वेगळी. आणून दिलेल्या किल्लीला काय चाटायचंय?

मग मी यांच्यामागे लकडा लावला आणि गाळ्याच्या मधोमध गोणपाटाचा पडदा लागला. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. सगळं बरोबर वाटलं गेलं, प्रेस मात्र कोणी सोडेना. तेव्हा मीच तोड काढली, की पेटी आमची आणि स्क्रू त्यांचा. तेवढा न्याय केला मी. मग दोन्हीकडे माल पायांनी खुंदायला सुरुवात झाली. आम्ही पेटीत उभं राहून खुंदायचो, ते खड्ड्यात. मालनच्या पायांचा धबधब आवाज पडद्याआडून यायचा आणि मी तिच्याहून जोरात पाय आपटायची. संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या, पण थांबायचं कसं, ती थांबत नव्हती ना.

आणि हे दोघे भाऊ! नरे पार्कात सभा असली की जोडीने जायचे, शेजारी शेजारी बसायचे आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून ओरडायचे. परत आले की एक पडद्याच्या अलीकडे, एक पलीकडे. घसा तेवढा दोघांचा सारखाच बसलेला असायचा.

फाउंटनला गोळीबार झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरता सरता कारखान्याचा माणूस आला आणि दोन्हीकडे एकच सांगून गेला. पायांनी खुंदलेल्या गाठी लॉरीत सुटतात, दिवाळीनंतर त्या घेणार नाही. प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्टी मारून माल येत असेल तर आणा, नाहीतर आणू नका. माल घेतला नाही की गाळा बंद. गाळा बंद झाला की बोचकं बांधून भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायची आणि गावी जाऊन दुसऱ्याच्या शेतात राबायचं. मला ते दिवस डोळ्यांसमोर दिसायला लागले.

आता कोणीही म्हणेल, पेटी इकडे, स्क्रू तिकडे, जोडा की परत. हेही म्हणाले. मी म्हटलं, त्यांनी स्क्रू आणून द्यावा. तिकडे दौलतभावजी म्हणाले, त्यांनी पेटी आणून द्यावी. पडदा काही हलला नाही. मग नवी प्रेस बघायची ठरली.

दोन बघितल्या. एक भायखळ्याच्या जुन्या बाजारात, लाकडाला ठिगळं लावलेली, बुटकी, पण दोन माणसांनी चालणारी. दुसरी नागदेवीला एका शेटच्या दुकानात, अख्खी लोखंडी, हिरव्या रंगाची, वर आडवा लांब दांडा. दांडा धरून प्रेसभोवती फिरायचं की माल दाबला जायचा. यांचं मत पडलं भायखळ्याच्या प्रेसला. म्हणाले, आपण दोघंच, आपल्याला तीच झेपेल. मलाही पटत आलं होतं.

तेवढ्यात गंगुबाईने येऊन सांगितलं. ही गंगुबाई सकाळी पलीकडे चिंध्या निवडायची आणि दुपारी आमच्याकडे, आणि चिंध्यांबरोबर बातम्याही इकडच्या तिकडे करायची. म्हणाली, मालनबाई नागदेवीला जाऊन आल्या. त्या हिरव्या प्रेसच्या दांड्यावरून हात फिरवला, तिच्याभोवती एक फेरी मारली, शेटशी किती वेळ बोलत होत्या, आणि येताना तोंड असं फुललेलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मालन हिरव्या लोखंडी प्रेसवर गाठी दाबणार आणि मी तिच्या नाकासमोर ठिगळाच्या प्रेसवर? दुसऱ्या दिवशी यांना तोंड उघडू दिलं नाही. माहेरच्या पाटल्या मोडल्या आणि नागदेवी गाठली. शेटला म्हटलं, एक उंच सावळी बाई बघून गेली ना, तीच प्रेस द्या. तो हसला आणि माणसांबद्दल काहीतरी विचारायला लागला. मी म्हटलं, ते आमचं आम्ही बघू, तुम्ही हातगाडी बोलवा.

दसऱ्याला प्रेस गाळ्यात उभी राहिली. झेंडूचं तोरण, हळदकुंकू, नारळ, सगळं केलं. गल्ली जमली होती बघायला. पडद्यापलीकडे आवाज नाही. त्या दिवशीचं जेवण मला जेवढं गोड लागलं तेवढं माझ्या लग्नातलंही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दांडा धरला. सुरुवातीला फिरला, माल जरा दाबला गेला आणि दांडा जागच्या जागी थांबला. दोघांनी छाती लावली तरी हलेना. त्यात तो लांब, फिरवायला गेलं की पडद्यात घुसायचा. अर्धी फेरी मारायची, दांडा उपसून काढायचा, मागे नेऊन परत घालायचा. हे कमरेला हात लावून खाली बसले ते पुढचे दोन दिवस सरळ झाले नाहीत. रोजाने माणसं लावावी तर गाठीत उरणार काय? आणि पलीकडून मालनचं खुंदणं चालूच. दिवाळी येऊन ठेपली होती.

मी तणतणत नागदेवीला गेले. शेटला म्हटलं, तुमची प्रेस परत घ्या, आम्हाला फसवलंत. शेट काही तापला नाही. म्हणाला, "बाई, या प्रेसला चार माणसं लागतात, हे मी त्या बाईंना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, चारच आहोत घरात, दोघे भाऊ आणि दोघी जावा."

मी म्हटलं, असं म्हणाली?

"हो. मी म्हटलं, मग घेऊन टाका. तर म्हणाल्या, माझी मोठी जाऊ येऊन बघेल, तिच्या मनाला आली तर घेऊ. आणि दोन दिवसांत तुम्ही आलात. मला वाटलं, घरात ठरवूनच आलात."

मी तशीच दुकानाची पायरी उतरले. पडदा मधे असताना तिने चार माणसं मोजली होती. मला दोनच्या पुढे मोजता आलं नव्हतं. आणि गंगुबाईच्या तोंडून मला कळेल, कळलं की मी ती घेतल्याशिवाय राहायची नाही, हेही तिला ठाऊक असणार. मालन भोळी आहे की पोचलेली, हे मला अजून उमगलेलं नाही. पण येताना रस्ताभर रडू येत होतं. दुःखाचं म्हणाल तर ते नव्हतं. घर एक करायचं हे तिला माझ्याआधी सुचलं, मनाचा मोठेपणासुद्धा तिनेच आधी पटकावला, याचा संताप होता. थोरली मी. सुचायचं ते मला.

गाळ्यात शिरले, पडद्यासमोर उभी राहिले. पलीकडचं खुंदणं थांबलं.

"मालन," मी म्हटलं, "दांडा दोघांना हलत नाही."

पलीकडून लगेच आवाज आला, "येतंय जाऊबाई. कधीचा पदर खोचून बसलंय."

मग मात्र मी तिच्या आधी हात घातला. पडदा मीच ओढून काढला, तिला हात लावू दिला नाही. दांड्याच्या एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला आम्ही जावा. मालनने बाहेरची बाजू घेतली. मला वाटलं, घेतली बघा सोपी जागा. मग फिरताना कळलं की बाहेरच्या माणसाला चालावं लागतं जास्त. दांडा पुरी फेरी फिरला, गाठ दगडासारखी घट्ट निघाली. बांधायला गोणपाट हवं होतं, तर मी तोच पडदा घेतला, त्यात पहिली गाठ शिवली आणि वर लोखंडी पट्टी मारली. कारखान्याच्या माणसाने ती उलटीपालटी करून बघितली आणि लॉरीत चढवली.

गाळा टिकला. बोट पकडावी लागली नाही. आज त्या प्रेसवर आजूबाजूचे दोनतीन गाळेवालेही माल दाबून नेतात, आणि सगळी लालबाग तिला काय म्हणते? मालनची प्रेस. पाटल्या मोडल्या माझ्या, आणि नाव तिचं. मी कितीदा तरी लोकांना सुधारून सांगितलं. मालन ऐकते आणि हसते, आणि ती हसली की मला जास्तच चढतं.

तर उद्या तिचा सत्कार. भाषणात हे सगळं सांगावं की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण मंडळाच्या मुलांकडून एक गोष्ट मी आजच कबूल करून घेतली आहे. अध्यक्ष कोणी का असेना, मालनच्या गळ्यात हार मी घालणार. त्या जागेवर दुसऱ्या कोणाला उभं राहू देणार नाही.