किंचित नावाची पोरगी

ती पोरगी कुठलीही वस्तू उचलून ठेवायची नाही. सरकवायची. तीही एकदम नाही. मला चहाचा कप द्यायचा तर बोटभर सरकवणार, फोनवर फोटो काढणार, परत बोटभर. कप माझ्यापर्यंत येईस्तोवर चहावर साय. "काका, हलू नका. आता डावीकडं. किंचित! किंचित म्हटलं ना!" दिवसातून शंभरदा हाच शब्द. म्हणून मी तिचं नावच किंचित ठेवलं. खरं नाव तिच्या आत्याला माहीत.

आत्या म्हणजे विक्रोळीच्या आमच्या चाळीतली शेजारीण, मालवणकडची. पोरगी तिच्याकडं राहून चित्रांच्या कॉलेजात शिकत होती. निर्जीव वस्तू चालत्या करायच्या, हा तिचा विषय. एका सेकंदाला बारा फोटो लागतात म्हणे. आत्याच्या खोलीत पाच माणसं, तिथं वस्तू सोडा, माणसालाच हलायला जागा नाही. माझ्याकडं मात्र हौसा, माझी बायको, गेल्यापासून जागाच जागा होती. मी म्हटलं, ये. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर दिवे, काचा, तारा आणि मातीची मुंडकी. आत्या दारातून ओरडली, "गो बाय, काय ह्यां? भाऊंच्या घराची वाट लावलंस!"

तिची ती मेणासारखी माती उन्हाळ्यात वितळायला लागली, म्हणून तिनं कणकेचा माणूस केला. आठ दिवस त्याला चालवलं. संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मला कोण सांगणार? मी फडकं काढलं, तयार कणीक दिसली, चपात्या लाटल्या.

"काका, तो माझा हिरो होता!"

"मग चार चपात्या झाल्या हिरोच्या. आंबट होता थोडा."

ती रडली. मग भूक लागली तशी ताट ओढून बसली आणि म्हणाली, "नाक कुठल्या चपातीत गेलं असेल हो?" तेव्हाच मला कळलं, ही पोरगी वाया जायची नाही.

आता मूळ गोष्ट. हौसाच्या एकाही फोटोत डोळे उघडे नाहीत. लग्नाच्या फोटोत मिटलेले, कंपनीच्या सहलीत मिटलेले, मतदानाच्या कार्डावर मिटलेले. कॅमेरा समोर आला की पापण्या खाली. आधार कार्डाला मशीनमध्ये डोळे टिपायचे होते, तेव्हा दोन बायांनी तिच्या पापण्या धरल्या होत्या. म्हणजे सरकारकडं माझ्या बायकोचे उघडे डोळे आहेत, माझ्याकडं नाहीत.

वर्ष भरलं की आमच्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या, शेजारी गेलेल्या माणसाचा फोटो, नातेवाईक येतात, वंदना होते, जेवण होतं. महिनाभर आधी हौसाचा धाकटा भाऊ आला. मी मोठा करून आणलेला फोटो बघितला आणि म्हणाला, "दाजी, हा काय मेल्यावर काढलाय का?" मी त्याला चहा पाजला नाही. पण शब्द घुसला. मी किंचितला सांगितलं, "तू दगडधोंडे चालवतेस. हिचे डोळे उघडून दे."

ती म्हणाली, "बघते काका." आणि पोरीनं माझ्या बायकोवर सगळी विद्या आजमावली.

आधी काचेखाली दिवा लावून वर रव्याचा चेहरा केला. झकास जमला होता. तिसऱ्या दिवशी मुंग्या एक भुवई घेऊन चालल्या. पोरगी हाकलायची सोडून फोटोच काढत बसली. "काका, ह्या माझ्यापेक्षा भारी करतायत!" दुपारी उकडायला लागलं, मी पंखा लावला, आणि माझी बायको दुसऱ्यांदा गेली.

मग फोटो कापून कागदाचे डोळे बसवले. ते पेपरातल्या साबणाच्या जाहिरातीतले. उघडझाप केली तर हौसा मला साबण विकायला लागली. मी म्हटलं, "काढ ते. ही बाई माझ्या घरात नको."

मधेच तिला वाटलं, आधी जिवंत माणूस हलवून बघू. मला गॅलरीत उड्या मारायला लावलं. मी हवेत असताना फोटो. एक पाऊल पुढं, परत उडी. सगळे फोटो जोडले की माणूस जमिनीला न लागता तरंगत जातो म्हणे. एकाहत्तराव्या वर्षी मी साठ उड्या मारल्या. चाळिसाव्या उडीला मेहुणा जिन्यावरून वर आला. बराच वेळ बघत राहिला. मग आत्याला हळूच विचारलं, "कधीपासून चाललंय हे? डॉक्टरला दाखवलं का?"

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले तेव्हा पोरगी सगळं बाजूला सारून माझ्यासमोर बसली.

"काका, काकूंचे डोळे कसे होते?"

"काळे."

"काळे सगळ्यांचेच असतात. मोठे? बारीक? पापण्या दाट?"

बेचाळीस वर्षांचा संसार. मला सांगता येईना. मला राग आला, तिच्यावरच ओरडलो. "डोळ्यांत बघत बसायला मी काय सिनेमातला आहे? कंपनीत तीन पाळ्या करायचो!"

ती घाबरली नाही. म्हणाली, "बरं. त्या कशाकडं बघायच्या, ते सांगा."

ते मला येत होतं. शिलाईच्या सुईकडं. दुधाकडं. दर रविवारी सुपात तांदूळ घेऊन दारात बसायची, खडे वेचायची. मी पेपर वाचायचो. ती मान वर न करता बोलायची, "तुमच्या रेशनवाल्यानं आख्खा डोंगर दिलाय," आणि खडा टाकायची.

पोरगी फोटोकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काका, डोळे मिटलेले नाहीत हे. खाली बघतायत. खाली काही ठेवलं नाही, म्हणून मिटलेले वाटतात."

तिनं डोळ्यांना हात लावला नाही. फोटो कापला, खाली खरं सूप ठेवलं, कागदाचे हात केले, आणि सात दिवस एकेक तांदूळ सरकवला.

कार्यक्रमात वंदना झाल्यावर टीव्हीवर लावलं. पुरतं मिनिटभरही नाही. हौसा सुपातले तांदूळ सारते, खडा उचलते, बाजूला टाकते. परत सारते. मेहुण्याचं तोंड उघडं. शेवटी तो म्हणाला, "ताई तांदूळ निवडतीय." मग म्हणाला, "आता वर बघंल." आम्ही सगळे थांबलो. तेवढ्यात संपलं.

पाहुणे गेल्यावर मी पोरीवर चिडलो. "एकदा वर बघायला लावायचं होतंस की. काय बिघडलं असतं?"

"वर बघितल्यावर कशा दिसायच्या, ते तुम्हालाच माहीत नाही काका. मी खोटे डोळे कुठनं आणू?"

खरं बोलली. खरं बोललेलं मला त्या दिवशी पचलं नाही. दोन दिवस दार लावून बसलो. तिसऱ्या दिवशी तिनं दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवली, अर्थातच थोडीथोडी. मी आतून ओढून घेतली आणि दार उघडलं.

कॉलेज संपलं, तिला हैदराबादला नोकरी लागली. तिथं म्हणे कार्टूनचा मोठा कारखाना आहे. रिक्षा खाली उभी, आत्या रडतेय, पोरगी माझ्या पाया पडून निघाली. मी म्हटलं, "थांब गं जरा. इकडं बघ."

"काय झालं काका?"

"काही नाही. बघ सरळ."

घारे आहेत. उजव्या डोळ्यात खालच्या बाजूला एक तांबूस ठिपका आहे.