अनुमोदकाअभावी

आमच्या सचिवांनी आयुष्यात एकही माणूस अख्खा पाहिलेला नाही. त्यांना गुडघे दिसतात, खांदे दिसतात, घोटे दिसतात. त्यांच्याभोवती जो काही माणूस असतो, तो त्यांच्या लेखी पॅकिंगचं सामान. त्यांच्या मोबाइलमध्ये एकही नाव नाही. ‘नया नगर खांदा’, ‘वरसावे गुडघा जुना’, ‘वरसावे गुडघा नवा’ अशी यादी आहे, आणि तिच्यात मी ‘उजवं मनगट’ आहे, कारण पहिल्या भेटीत माझ्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. मनगट बरं होऊन तीन वर्षं झाली. तरी अजून फोन येतो, “कोण, मनगट का? रविवारी दहाला सभा.” एकदा तो फोन माझ्या आईने उचलला. तेव्हापासून तिला वाटतं, मी कसल्यातरी भलत्या लोकांत अडकलेय.

तसे आम्ही भलते नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ असे अकरा जण आहोत. मिरा-भाईंदरमध्ये क्रीडावैद्यक आणि व्यायामशास्त्रात काम करणाऱ्यांची ही संघटना. तिचं पूर्ण नाव इतकं लांब आहे, की ते एका रबरी शिक्क्यात मावलं नाही. सचिव प्रत्येक पत्रावर आधी वरचा शिक्का मारतात, मग जीभ बाहेर काढून त्याच्या बरोबर खाली दुसरा. अकरा माणसांसाठी घटनेची बत्तीस कलमं आणि पाच उपसमित्या आहेत. त्यातल्या चारांवर मी आहे. पाचवी ‘व्याख्याने व प्रसिद्धी’ची. तिच्यातून मला पहिल्याच दिवशी वगळण्यात आलं.

तो पहिला दिवस मला नीट आठवतो. भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीच्या ऑफिसात आमच्या सभा भरतात. सचिवांनी माझं पदवी प्रमाणपत्र ट्यूबलाइटसमोर धरलं, शिक्क्यावरून नख फिरवलं आणि किंचित निराश होऊन म्हणाले, “खरं आहे.” मग चष्म्यावरून पाहिलं. “कमी बोलता का?” मी मान हलवली. “उत्तम! तुम्ही कायमच्या अनुमोदक.” मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मला शब्दच ठाऊक नव्हता. त्यांनी समजावलं, “एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने हात वर करायचा. दुसरा नसेल, तर प्रस्ताव तिथेच मेला. तुम्ही दुसऱ्या.” शाळेत मी हजेरीला इतक्या हळू ‘येस मिस’ म्हणायचे, की महिन्यातून चारदा गैरहजर लागायचे. अशा मुलीला याहून चांगलं पद कोण देणार? तीन वर्षं मी प्रत्येक प्रस्तावाला हात वर केला. ‘काही सदस्य सभेत तोंडच उघडत नाहीत’ याबद्दल नाराजीचा ठराव आला, त्यालाही अनुमोदन माझंच होतं.

सभेत सलग बसून राहणं हा कलम अकरानुसार गुन्हा आहे. दर वीस मिनिटांनी सचिव शिट्टी मारतात. मग सगळ्यांनी उठून दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, कारण बोललं की श्वासाची लय बिघडते. आमच्या आहारतज्ज्ञ बेन एकदा उशिरा आल्या. दहा माणसं खाली मान घालून उभी बघून त्यांनी पर्स जमिनीवर ठेवली, पदर सावरला आणि डोळे मिटले. दोन मिनिटांनी रडवेल्या आवाजात त्यांनी विचारलं, “अरे रे, कोण गेला?” सचिव खेकसले, “कुणी नाही! रक्ताभिसरण चालू आहे!”

पण सचिव खरे बघावेत ते मैदानावर. कुठेही कबड्डीचे सामने असोत, बोलावलेलं असो वा नसो, हे कडेला बर्फाची पेटी घेऊन उभे. हा बर्फ मासळी बाजारातून यायचा, आणि आणायचा मोरव्याचा एक कबड्डी कोच. त्या बर्फाने सूज उतरायची हे खरं, पण घोट्याला दोन दिवस बोंबलाचा वास यायचा, आणि मांजरं मागे लागायची. कुणी तक्रार केली, की सचिव म्हणायचे, “मांजराच्या भीतीने पाय लवकर बरा होतो.” तो कोच म्हणजे खरं तर अर्धी संघटना होता. पडलेल्या खेळाडूला कसं उचलायचं, हे त्याच्याइतकं आमच्यातल्या कुणालाच जमत नाही. पण त्याच्याकडे होतं फक्त दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र. कलम सातप्रमाणे सदस्याला संबंधित विषयाची पदवी हवी. सचिवांनी त्याचा अर्ज तीन वर्षांत तीनदा नामंजूर केला, आणि दर वेळी पत्र देऊन झाल्यावर विचारलं, “उद्या बर्फ आणतोस ना?”

या वर्षीच्या वार्षिक सभेत तो चौथा अर्ज घेऊन आला. सचिवांनी कागद बघितला. “तोच आहे.”

“तोच हाय,” कोच म्हणाला. “माझा कागद दोन दिसांचा हाय, सर. तुमचा किती दिसांचा हाय, तो तरी एकदा दाखवा ना.”

कुणीतरी हसलं. सचिव मात्र हसले नाहीत. ते उठले, कपाटातून स्वतःची फाइल काढली, उघडली आणि उभ्या उभ्याच वाचू लागले. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण सगळ्यांनी आपापली प्रमाणपत्रं यांना दाखवली, पण यांचं मागायला कुणाला सुचलंच नाही.

“शारीरिक शिक्षण पदवी, शेवटचं वर्ष,” त्यांनी वाचलं. “अपूर्ण.” मग फाइल मिटली. “प्रात्यक्षिकाच्या आदल्या आठवड्यात कबड्डी खेळताना गुडघा फिरला. वस्तादांनी गरम तेलाने रगडला आणि मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. बर्फ लाव, बसून राहा, असं सांगणारं कुणी नव्हतं. परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढे एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी केली.” फाइल कपाटात परत ठेवत म्हणाले, “सदस्यांची छाननी सचिवांनी करावी, असं कलम आहे. सचिवांची कुणी करावी, ते लिहायचं माझ्याकडून राहिलं.”

सचिवांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, “प्रस्ताव. कलम सातप्रमाणे विद्यमान सचिवांचं सदस्यत्व रद्द करण्यात यावं. सूचक, मी स्वतः. अनुमोदक...” आणि माझ्याकडे पाहिलं.

सवयीने माझा हात कोपरापर्यंत वर गेलासुद्धा. या माणसाला घरी दोन खोल्या आहेत आणि बोलायला कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. रविवारची सभा गेली, तर उरलेल्या सहा दिवसांचं ते काय करणार होते? मी हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

“मनगट दुखतंय का?” सचिवांनी विचारलं.

“नाही.”

“मग हात वर करा.”

“नाही.”

“म्हणजे?”

“न्हाय म्हणतेय ती, सर,” कोच म्हणाला. “मराठीच हाय.”

सचिवांनी एकेकाकडे पाहिलं. बेन पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. आमचे अध्यक्ष म्हणजे नया नगरचे हाडांचे डॉक्टर; ते सभेत बहुधा पेंगत असतात. त्यांनी एक डोळा उघडला. “सेकंडर नहीं है ना? तो प्रस्ताव खलास. सेक्रेटरीसाब, चाय मंगवाओ.”

सचिवांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात वहीत लिहिलं: ‘प्रस्ताव अनुमोदकाअभावी बारगळला.’ खाली दोन्ही शिक्के मारले. खालचा पहिल्यांदाच तिरका बसला.

दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. नियमभंग त्यांना सहन होत नाही, स्वतःच्या फायद्याचा तर नाहीच. मग एका रविवारी कलम तेहतीस आलं: ज्यांचं शिक्षण काही कारणाने राहून गेलं, पण काम राहून गेलं नाही, असे ‘सहयोगी सदस्य’, त्यांना मताचा अधिकार नाही. यादीत दोन नावं होती, एक कोचचं आणि दुसरं त्यांचं स्वतःचं. या वेळी मी लगेच हात वर केला. आता मतदान आलं, की सचिव दोन्ही हात खिशात घालतात आणि खिडकीबाहेर बघत आमचे हात मोजले जाण्याची वाट पाहतात. तेवढा वेळ मला त्यांच्याकडे बघवत नाही.

हल्ली त्यांचा तो गुडघा फारच कुरकुरतो. गेल्या रविवारी त्यांनी शिट्टी मारली, आम्ही सगळे उठलो, पण ते उठले नाहीत. कोचने दुसरी खुर्ची ओढून त्यांचा पाय वर ठेवला आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरली. खोलीभर बोंबलाचा वास सुटला. आम्ही त्यांच्याभोवती खाली मान घालून उभे होतो. तेवढ्यात बेन धापा टाकत आल्या आणि दारातच थबकल्या. “अरे रे! कोण गेला?”

सचिवांनी ओठांवर बोट ठेवलं. श्वासाची दोन मिनिटं संपायची होती.

“कुणी नाही गेलं,” मी म्हणाले. जरा मोठ्यानेच निघालं ते.

सचिवांनी शिट्टी बाजूला ठेवली आणि वही पुढे ओढली. “कलम अकराचा भंग,” ते लिहिता लिहिता पुटपुटले. “मनगट बोललं.”